किमोच्या सुट्टीतली दुपार

कराडकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ५१. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, यकृतावर दोन डाग. ऑपरेशन झालं, मग तीन आठवड्यांनी एक असे किमोचे आठ डोस झाले. स्कॅनमध्ये डाग आक्रसलेले दिसले, पण हातापायांच्या मुंग्या फार वाढल्या, म्हणून डॉक्टरांनी दोन महिने औषध थांबवलंय. त्या लिहितात, "आजारापूर्वी माझं वजन ६१ होतं, आठव्या डोसला ५२ झालं आणि सुट्टीच्या पाच आठवड्यांत ५७. जो येतो तो 'तब्येत सुधारली' म्हणतो. मला आरशात पोट पुढे आणि मांड्या वाळलेल्या दिसतात. जिना चढताना कठडा धरावा लागतो. मिस्टर दुकानात, मुलगा पुण्याला. डोस चालू होते तेव्हा घरात सतत कुणीतरी असायचं. आता दिवस सरत नाही. औषध बंद आहे तर बरं वाटायला हवं ना? माहेरहून बहिणीने डिंकाचे लाडू पाठवलेत. डाएट करू का?"

ताई, कॅन्सरच्या रुग्णांचा आहार बघायला लागून मला एकवीस वर्षं झाली. तुम्ही वजनाचं आणि एकटेपणाचं असं दोन ठिकाणी लिहिलंय. मला दोन्ही एकाच जागी सापडतात: सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, घरात तुम्ही एकट्या असता त्या वेळात. तिथे येतेच, पण आधी दोन गोष्टी स्पष्ट करते.

तुमची सुट्टी ही उपचाराचाच भाग आहे. तुमच्या किमोतलं ऑक्झॅलिप्लॅटिन हे औषध नसांना इजा करतं, आणि ती इजा डोसागणिक साठत जाते. ते काही काळ थांबवून पुढे गरजेप्रमाणे पुन्हा देण्याची पद्धत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये चांगली रुळलेली आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑप्टिमॉक्स नावाच्या फ्रेंच अभ्यासात सहा डोसांनंतर हे औषध थांबवून नंतर परत दिलं, तरी रुग्णांचं आयुष्य त्यामुळे कमी झालं नाही. तेव्हा "औषध बंद म्हणजे आत वाढत असेल" ही भीती मनात आली, की ही सुट्टी डॉक्टरांनी स्कॅन बघून दिली आहे, एवढं स्वतःला सांगा. आणखी एक. या औषधाच्या मुंग्या ते बंद झाल्यावरही दोन-तीन महिने वाढू शकतात, मग हळूहळू ओसरतात. त्यामुळे सुट्टीत हात जास्त बधिर वाटले, ब्लाउजचे हुक लागेनासे झाले, तर घाबरू नका. डॉक्टरांच्या कानावर मात्र घाला.

आता वजन. ६१ वरून ५२ वर येताना तुमचे नऊ किलो गेले. त्यात चरबी होती आणि स्नायूही होते. अंथरुणात पडून, तोंडाला चव नसताना उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा मोठा असतो. नंतर चव परतली, भूक लागायला लागली आणि पाच किलो परत आले. पण आले ते बहुतेक चरबी आणि पाणी म्हणून. नुसतं खाल्ल्याने स्नायू परत येत नाहीत, त्यांच्याकडून काम करून घ्यावं लागतं. शिवाय दर डोसाला उलटी होऊ नये म्हणून डेक्सामेथासोन दिलं जातं. ते स्टेरॉइड आहे, आणि ते वारंवार घेतल्याने मांड्यांचे आणि खुब्याचे स्नायू ढिले पडू शकतात. खाली बसल्यावर उठता न येणं, जिन्यात कठडा धरावा लागणं, ही त्याचीच लक्षणं. म्हणजे तुम्हाला आरशात दिसतं ते बरोबर आहे. "तब्येत सुधारली" म्हणणाऱ्यांनी तुमचा चेहरा बघितलाय, तुम्ही मांड्या बघताय.

माझ्याकडे एक बाई यायच्या. त्यांनी हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून सगळा आजार मोजला होता. तिसऱ्या डोसाला बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायच्या, भांडी घासताना गळून पडायच्या. त्यांनी दोऱ्याने त्या एकमेकींना बांधून ठेवल्या. सुट्टीत त्याच बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, साबण लावूनही निघेनात. बाई खूश होत्या, अंग भरलं म्हणून. मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून दहापर्यंत आकडे मोजले. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. ती सूज होती. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी निघालं.

म्हणून तुम्हीही आज एवढं तपासा. संध्याकाळी नडगीच्या हाडावर अंगठा दाबून बघा. दोन्ही पायांवर खळगा राहत असेल, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पोट ताणल्यासारखं टणक लागतंय, परकराची नाडी रोज सैल करावी लागतेय, आडवं झाल्यावर दम लागतोय, तर पोटात पाणी झालंय का ते बघावं लागेल. आणि एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखतेय, गरम लागतेय, तर उद्यावर टाकू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. कॅन्सरच्या रुग्णाच्या पायातल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. छातीत दुखून एकदम धाप लागली तर तेव्हाच निघा. औषधाला सुट्टी असली तरी ताप १००.४ च्या वर गेला की फोन करायचा, हा नियम तसाच आहे.

यातलं काही नसेल, तर तुमचं ५७ किलो वजन चिंतेचं नाही. डाएट अजिबात करू नका. भात बंद, रात्रीचं जेवण बंद असलं काही केलंत, तर उरलेसुरले स्नायूच जातील. पुढचे डोस लागले, तर ते तुमची उंची आणि वजन धरून ठरतील आणि ते सोसायला अंगात बळ लागेल. आपल्याला वजन आहे तिथेच ठेवून आतला माल बदलायचाय.

काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहा. समजा, दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनमध्ये. आकडा कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. रोज बघितलं तर अर्धा किलो इकडेतिकडे होतंच, आणि उगीच त्यावर दिवस चांगला की वाईट ते ठरतं. दवाखान्याचा काटा आणि घरचा काटा यांची तुलना करू नका. पोटभर खात असूनही सलग दोन आठवडे वजन घसरलं, तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता सांगा. एकदा रक्तातली साखरही तपासून घ्या, स्टेरॉइडने ती वाढलेली असू शकते.

आता दुपार. मी रुग्णाला "काय खाता?" असं विचारत नाही. "काल अकरा वाजल्यापासून काय काय खाल्लं ते सांगा," असं विचारते. एकट्या असणाऱ्या बायकांचं उत्तर जवळपास ठरलेलं असतं: सकाळी केलेली पोळी चहात बुडवून, तीन वाजता परत चहा आणि खारी, पाचला बिस्किटं. मिस्टरांचा डबा भरला की स्वतःसाठी ताट वाढून घ्यायचा कंटाळा. मग आडवं व्हायचं. चव गेली होती तेव्हा जे गिळता आलं तेच खाल्लं, तीच सवय पुढे चालू राहते. उष्मांक भरपूर, प्रथिनं नावाला, आणि पाय दिवसभर पलंगावर. पोट पुढे आणि मांड्या बारीक होतात त्या याच सहा तासांत. आणि मनाला सगळ्यात जास्त पोखरतात तेही हेच सहा तास.

तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ७० ग्रॅम प्रथिनं हवीत. आपल्या नेहमीच्या ताटात, म्हणजे दोन भाकरी, पातळ आमटी, भाजी आणि भातात, तीस-चाळीसच्या वर जात नाहीत. ७० कसे भरायचे ते सांगते. सकाळी दोन अंडी: १२. कपभर दूध: ६. दोन्ही जेवणांत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ: दोन्ही वेळचे मिळून १२ ते १४. पन्नास ग्रॅम पनीर: ९. मूठभर भाजलेले शेंगदाणे: ६. वाटीभर दही: ४. भाकरी-पोळ्यांतून पंधरा-सोळा. सत्तरला कमी पडणारे थोडे भात-भाजीतून येतात. अंडी चालत नसतील तर सोयाबीनच्या वड्या आणा. कोरड्या पन्नास ग्रॅम वड्यांत २५ ग्रॅम प्रथिनं असतात, भिजवून, पिळून, पिठल्यात किंवा रश्श्यात घाला. मटण-चिकन खात असाल तर खुशाल खा, नीट शिजवलेलं, ताजं. डाळीच्या बाबतीत एकच सांगणं, आमटीतलं वरचं पाणी घेऊ नका, पळी तळाशी घाला. आतड्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा उसळीने गॅस होत असेल तर मोड आलेल्या मुगापासून सुरुवात करा, हरभरा-वाटाणा नंतर. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशोब तुमच्या डॉक्टरांना दाखवूनच पाळा.

यातलं निम्मं दुपारी व्हायला हवं. एक वाजता ताट वाढून, बसून जेवायचं. साडेतीनला चहाबरोबर खारीऐवजी शेंगदाणे, उकडलेलं अंडं किंवा धिरडं. माहेरहून आलेले डिंकाचे लाडू खाऊ नका असं मी म्हणणार नाही. बहिणीने प्रेमाने पाठवलेत. रोज एक खा, जेवणाच्या जागी नको.

साखरेबद्दल विचारलं नाहीत, पण कुणीतरी सांगितलं असेलच की साखर बंद केली की गाठ उपाशी मरते. तसं होत नाही. शरीर भाकरीपासूनही साखर बनवतं, प्रथिनांपासूनही बनवतं. उपाशी राहतो तो रुग्ण. तुमचा चहा कमी गोड केलात तर चांगलं, ते पोटाच्या घेरासाठी. आणि सुट्टी लागली की लोक काढे घेऊन येतात, "आता किमो नाही, आता हे घ्या." गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. तुमच्या यकृतावर आधीच डाग आहेत. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काहीही पोटात जाऊ देऊ नका.

मांड्यांसाठी एक खुर्ची लागेल. हात असलेली, पाठ भिंतीला टेकवलेली. दोन्ही हात छातीवर घडी घालून उठायचं, सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी हात टेकावे लागले तरी चालेल. तीन वेळा जमलं तर तीन. सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा. दर चार दिवसांनी एक उठबस वाढवा. सोमवारी वजनाच्या आकड्याखाली हाही आकडा लिहा: अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता आलं. मला विचाराल तर सुट्टीत हा आकडा काट्यापेक्षा जास्त महत्त्वाचा. चालणं दहा-दहा मिनिटांचं, दिवसातून तीनदा. तळपाय बधिर असताना अनवाणी चालू नका, सटकणारी स्लीपर नको, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा राहू द्या. आंघोळीचं पाणी बोटांनी बघू नका, कोपराने बघा, बधिर बोटांना भाजलेलं कळत नाही. आणि पोटाचं ऑपरेशन झालंय, तेव्हा पाण्याची कळशी, गव्हाचा डबा यांना सर्जन हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही.

आता माणसांचं. तुम्ही लिहिलंत, डोस चालू होते तेव्हा कुणीतरी असायचं. खरंय. किमोला एक ताल असतो: डोस, पडून राहण्याचे दिवस, रक्त तपासणी, परत डोस. त्या तालात जाऊ डबा पाठवते, भाऊ गाडी आणतो, डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवरची बाई "आज सलाइन हळू चाललंय गं" म्हणून बोलते. सुट्टी लागली की हे सगळं एका दिवसात थांबतं. आणि गावात सुट्टीचे दोनच अर्थ लागतात. एक, बरी झाली. दुसरा, डॉक्टरांनी हात टेकले. पहिला अर्थ लावणाऱ्यांना यायची गरज वाटत नाही, दुसरा लावणाऱ्यांना यायचा धीर होत नाही. त्यांना तुमचा कंटाळा आलेला नाही ताई, काय बोलायचं ते त्यांना कळत नाही. म्हणून एक वाक्य तयार ठेवा आणि सगळ्यांना तेच सांगा: "औषधाला सुट्टी दिलीय, सुट्टी संपली की स्कॅन आहे, तोवर मी घरीच आहे, दुपारी येत जा." वेळ नक्की सांगा. "कधीही या" म्हटलं की कुणी येत नाही.

एक गोष्ट मला फार सलते, ती विचारतेच: तुमचं ताट, पेला वेगळा आहे का? खूप घरांत असतो. कॅन्सर ताटातून, पेल्यातून, शेजारी बसल्याने लागत नाही. डोसानंतर साधारण दोन दिवस रुग्णाच्या लघवीची, उलटीची काळजी घ्यायला सांगतात, कारण त्यातून औषध बाहेर पडतं. ते दोन दिवस कधीच संपले. पण घरात ती रीत चालू राहते, कुणी मोडत नाही, आणि बाई खोलीतच जेवते. एका घरी मी गेले होते. सासूबाई पलंगावर, ताट स्टुलावर, सून दारात उभी. दोघी चांगल्या होत्या, एकमेकींवर जीव होता. सून म्हणाली, "त्यांना इन्फेक्शन होईल म्हणून." सासूबाई म्हणाल्या, "तिला नको लागायला म्हणून." चार महिने दोघी एकमेकींना जपत वेगवेगळ्या जेवत होत्या. त्या दिवशी मी तिघींची पानं स्वयंपाकघरात मांडायला लावली. सासूबाईंनी दीड भाकरी खाल्ली. तोवर अर्धी जात होती.

तुमच्या पांढऱ्या पेशी शेवटच्या रिपोर्टमध्ये ठीक असतील, तर आता माणसं टाळायचं कारण नाही. सर्दी-खोकला झालेल्याने येऊ नये, लग्नाच्या तुडुंब हॉलमध्ये बसू नका, एवढं पुरे. भजनी मंडळात जात होतात तर जा, उघड्या मंडपात दाराजवळ बसा, तासाभराने उठा. केस गेले नसतील किंवा परत आले असतील, तरी बायका अंगाच्या बदलामुळे बाहेर पडत नाहीत, हे मी बघितलंय. बारीक झाल्यावर ब्लाउज आत घेतलेले असतात, आता ते चढत नाहीत, मग दिवसभर गाऊन, आणि गाऊनवर दार उघडायला नको वाटतं. दोन ब्लाउज आत्ताच्या मापाने शिवून घ्या, आत भरपूर माया ठेवून. "आत्ता कशाला शिवतेस" असं कुणी म्हणेल. शिवा. हुक जमत नसतील तर टिचबटणं लावून घ्या.

डे-केअरमधल्या ज्या बाईशी जमलं होतं तिला फोन करा. तुमचा तीन वाजताचा कंटाळा तिला समजावून सांगावा लागणार नाही. कधी असंही होतं की फोन उचलला जात नाही, किंवा मुलगा उचलतो आणि वेगळीच बातमी देतो. मग आठवडाभर झोप उडते. ते दुःख आजारी माणसाने गिळून टाकायचं नसतं. मिस्टरांना सांगा, रडू आलं तर रडा. तिचा आजार तिचा होता, तुमचा रिपोर्ट वेगळा आहे.

मिस्टरांबद्दल एक. त्यांच्याही हातचं काम सुटलंय. आठ डोस त्यांनी पळापळ केली, आता "खा, अजून थोडं खा" एवढंच उरलं, आणि त्यावरून ताटावर कुरबुर होते. त्यांना दुसरं काम द्या. दुकानातून दुपारी दीड तास घरी येता येईल का? एकत्र जेवायचं आणि त्यांनी खुर्चीच्या उठबशी मोजायच्या. रोज नाही जमलं तर आठवड्यातून तीन दिवस. मुलाचा फोन रात्री दहाला येत असेल तर तो साडेतीनला मागवा, पाच मिनिटांचा का होईना.

हे सगळं करूनही सलग दोन आठवडे काही गोड लागत नाही, आंघोळ नको वाटते, पहाटे जाग येऊन छातीत धडधडतं, "यापेक्षा सुटलेलं बरं" असं मनात येतं, तर तो औषधाने आणि बोलण्याने बरा होणारा त्रास आहे. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना तसं शब्दांत सांगा, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी लावा.

स्कॅनची तारीख जवळ आली की भूक परत मंदावेल, तो आठवडा सगळ्यांचाच तसा जातो. त्या दिवसांत मोठं ताट समोर घेऊ नका, दर दोन तासांनी थोडं थोडं खा: मऊ मुगाची खिचडी तूप घालून, मेतकूट-भात आणि दही, नाचणीचं दुधातलं सत्त्व. सीटीला जाताना सेंटरवाले काही तास उपाशी यायला सांगतील, तेवढंच उपाशी राहा, आदल्या रात्रीपासून नको. कालनिर्णयची पानं बरोबर न्या, वजन आणि उठबशी दोन्ही डॉक्टरांना दाखवा. आणि डबा न्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चार उकडलेली अंडी. सुईतलं औषध गेल्यावर पाणी भरपूर पिऊन, बाहेरच्या बाकावर बसून खा. डबा दोघांचा न्या, मिस्टरही सकाळपासून काही खाल्लेले नसतात.